मे महिन्याची सुट्टी, दुपारचा वळीव आणि तुमचा धंदा: हवामानाचा अंदाज वाचून निर्णय कसा घ्यायचा?



एप्रिलचा शेवटचा आठवडा ते जूनचा पहिला आठवडा, म्हणजे साधारण सहा आठवडे. कृषी पर्यटन केंद्र, होमस्टे, लॉन, केटरिंग, कुल्फीची गाडी, सुट्टीतली शिबिरं, पापड-कुरडयांचं वाळवण, यातलं काहीही तुम्ही करत असाल तर वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा या सहा आठवड्यांत येतो. आणि नेमक्या याच दिवसांत दुपारी चारला आभाळ भरून येतं, वारा सुटतो आणि अर्ध्या तासात सगळा माल नाहीतर सगळा कार्यक्रम भिजतो.

मागच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न असा होता: "सर, मोबाईलवर ४० टक्के पाऊस दाखवतोय. ऑर्डर घेऊ की नको?" व्हिडिओत याचं उत्तर थोडक्यात दिलं होतं, आज सविस्तर लिहितोय. शेवटी गृहपाठ आहे, तो नक्की करा.

दुपारीच का येतो हा पाऊस?

आधी हे समजून घेऊ, कारण यातच धंद्याच्या कामाची एक मोठी गोष्ट आहे.

मार्च ते मे या काळाला हवामान विभाग मान्सूनपूर्व हंगाम म्हणतो. सकाळपासून जमीन तापते, जमिनीजवळची हवा तापते आणि हलकी होऊन वर चढायला लागते. त्या हवेत अरबी समुद्रावरून किंवा बंगालच्या उपसागरावरून आलेलं बाष्प असेल, तर वर थंड झाल्यावर त्याचा ढग होतो. अकरा-बाराला कापसाच्या पुंजक्यासारखे दिसणारे ढग दोन-तीनपर्यंत फुलकोबीच्या गड्ड्यासारखे उंच वाढतात. मोठ्या वादळी ढगाचा माथा १२ ते १५ किलोमीटर उंचीपर्यंत जातो. मग वीज, वारा, सर, कधी कधी गारा.

यातून तीन गोष्टी निघतात.

पहिली, वेळ. तापायला वेळ लागतो म्हणून हा पाऊस बहुतेक वेळा दुपारी तीन ते रात्री आठच्या दरम्यान येतो. सकाळी येण्याची शक्यता फारच कमी.

दुसरी, जागा. एक ढग काही किलोमीटरचाच असतो. कात्रजला धो धो आणि हडपसरला धूळ, हे पुण्यात राहणाऱ्यांना सांगायची गरज नाही.

तिसरी, कालावधी. एकटा ढग अर्ध्या-एक तासात रिकामा होतो. ढगांची रांग लागली तर मात्र संध्याकाळ गेली समजा.

शिवाय सगळीकडे सारखं नसतं. कोकण किनाऱ्यावर समुद्राचा वारा दुपारी तापमान आटोक्यात ठेवतो. त्यामुळे अलिबाग, गुहागरला मेच्या मध्यापर्यंत दुपारचा वळीव तुलनेने कमी. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यात तो जास्त. आणि महाबळेश्वर, भोर, मुळशीसारख्या घाटाजवळच्या भागात डोंगर हवेला वर ढकलायला मदत करतो.

"४० टक्के" म्हणजे नेमकं काय?

इथे बहुतेक सगळे गोंधळतात. ४० टक्के म्हणजे दिवसातले ४० टक्के तास पाऊस, असं नाही. पाऊस ४० टक्के जोरात पडेल, असंही नाही.

अर्थ असा: आजच्यासारखी परिस्थिती असलेले दहा दिवस घेतले, तर त्यातल्या साधारण चार दिवशी तुमच्या ठिकाणी पाऊस पडेल आणि सहा दिवशी पडणार नाही. आज चारपैकी आहे की सहापैकी, हे अंदाज सांगत नाही. म्हणून "४० टक्के म्हणाले आणि पडला नाही, अंदाज खोटा" हे म्हणणं चुकीचं आहे. असे दहा दिवस मोजल्याशिवाय अंदाज खरा की खोटा ठरवताच येत नाही.

आता भारतीय हवामान विभागाची भाषा बघू. पेपरात आपण वाचतो, "जिल्ह्यात तुरळक ठिकाणी वादळी पावसाची शक्यता". हे शब्द उगाच लिहिलेले नसतात, त्यांना आकडे ठरलेले आहेत:

- तुरळक ठिकाणी: त्या भागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत
- काही ठिकाणी: २६ ते ५० टक्के
- बऱ्याच ठिकाणी: ५१ ते ७५ टक्के
- बहुतांश ठिकाणी: ७५ टक्क्यांहून जास्त

म्हणजे जिल्ह्यात कुठेतरी पाऊस नक्की पडणार असला, पण "तुरळक ठिकाणी" असेल, तर तुमच्याच गावात पडण्याची शक्यता साधारण चारात एक किंवा त्याहून कमी. पुणे जिल्हा लोणावळ्यापासून इंदापूरपर्यंत पसरलाय. जिल्ह्याचा इशारा वाचून थेट आपल्या अंगणावर लावू नका.

रंगांचंही तसंच. हिरवा म्हणजे इशारा नाही. यलो म्हणजे लक्ष ठेवा. ऑरेंज म्हणजे तयारीत राहा. रेड म्हणजे कृती करा. मे महिन्यात दुपारच्या वादळासाठी यलो अलर्ट वरचेवर येतो. तो आला की बुकिंग रद्द करायचं नसतं, लक्ष ठेवायचं असतं. अलर्टच्या खाली वाऱ्याचा वेग लिहिलेला असतो, ताशी ३० ते ४० किलोमीटर किंवा ५० ते ६० किलोमीटर असा. मांडव, बॅनर, मोठी छत्री, फुगवलेलं जंपिंग वगैरे असणाऱ्यांनी पावसाआधी ही ओळ वाचायची.

आणि मोबाईलवर "३ वाजता पाऊस" असं ढगाचं चित्र दिसतं ना, त्यावर विसंबू नका. ज्या संगणकीय मॉडेलवरून हे अंदाज काढतात ते जमिनीचे चौकोन पाडून हिशोब करतं. आपल्या देशाने २६ मे २०२५ रोजी सुरू केलेली भारत फोरकास्ट सिस्टिम सहा किलोमीटरचे चौकोन वापरते. पूर्वीपेक्षा ही मोठीच सुधारणा आहे. पण एक वळवाचा ढग त्या एका चौकोनात मावू शकतो. तो तुमच्या लॉनवर फुटेल की शेजारच्या गावात, हे आदल्या दिवशी कुणीच सांगू शकत नाही.

अंदाज त्यांचा, हिशोब तुमचा

आता मुख्य मुद्दा. ४० टक्के जास्त की कमी? याचं उत्तर हवामान खात्याकडे नाही, तुमच्या वहीत आहे. त्यासाठी फक्त दोन आकडे लागतात:

१. तयारीचा खर्च: पावसासाठी आधीच बंदोबस्त केला तर किती पैसे जातील?
२. टळणारं नुकसान: बंदोबस्त नसताना पाऊस आला, तर जे नुकसान होईल आणि बंदोबस्तामुळे जे वाचलं असतं, ते किती?

पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा आणि शंभरने गुणा. जो आकडा येईल तो तुमचा "उंबरठा". पावसाची शक्यता उंबरठ्याच्या वर असेल तर बंदोबस्त करा, खाली असेल तर करू नका. झालं!

उदाहरण घेऊ. समजा तुमचं कृषी पर्यटन केंद्र आहे. रविवारी ५० पाहुणे, संध्याकाळी उघड्यावर जेवण. ताडपत्रीचा मांडव भाड्याने घेतला तर ४,००० रुपये. मांडव नाही आणि पाऊस आला तर वाया गेलेलं अन्न आणि परत द्यावे लागणारे पैसे मिळून १६,०००. उंबरठा झाला २५ टक्के.

आता असे दहा रविवार धरा, प्रत्येक वेळी शक्यता ४० टक्के. दर वेळी मांडव घातला तर खर्च ४०,०००. कधीच घातला नाही तर चार वेळा भिजणार, नुकसान ६४,०००. म्हणजे मांडव घालणं फायद्याचं, जरी दहापैकी सहा वेळा तो "फुकट" गेला तरी! हे सहा वेळा फुकट जाणं मनाला लागतं आणि म्हणून लोक सातव्या वेळी मांडव घालत नाहीत. तिथेच मार खातात.

उलट शक्यता १० टक्के असेल तर? दहा वेळा मांडव ४०,०००, एकदाच भिजण्याचं नुकसान १६,०००. इथे मांडव नको.

दुसरं उदाहरण, महिला बचत गटाचं वाळवण. पहाटे उठून गव्हाचा चीक शिजवला, गच्चीवर कुरडया घातल्या. एक सर आली की घाणा गेला. समजा नुकसान ६,००० रुपये. बंदोबस्त काय? दोन ताई दुपारी गच्चीवर थांबणार आणि ढग आले की प्लास्टिकसकट सगळं उचलून आत घेणार. दोघींचे मिळून ६०० रुपये. उंबरठा १० टक्के. मे महिन्यात घाटमाथ्यापासून देशापर्यंत ही शक्यता बऱ्याच दिवशी असतेच. त्यामुळे इथे रोज अंदाज बघत बसू नका. दुपारी दोनला माणूस गच्चीवर हवंच, हा नियमच करून टाका.

तिसरं, समजा वाढदिवसाच्या कार्यक्रमासाठी बंद हॉल आधीच बुक करून ठेवायचा तर ३०,००० रुपये आणि भिजलं तर नुकसान ३५,०००. उंबरठा जवळपास ८६ टक्के. वळवाच्या दिवसांत एका ठिकाणासाठी इतकी शक्यता क्वचितच येते. म्हणजे हॉल नको, दुसरा स्वस्त उपाय शोधा.

थोडक्यात, उंबरठा फार खाली असेल तर नेहमीच बंदोबस्त करा, फार वर असेल तर सहसा करू नका. अंदाजाचा खरा उपयोग मधल्या लोकांना. तुम्ही कुठे बसता, हे आधी काढा.

कुल्फीवाल्यांनो, तुमचा माल फ्रीजरमध्ये टिकतो, उंबरठ्याचं फार टेन्शन घेऊ नका. ताक, सरबत, चाट, कापलेली फळं विकणाऱ्यांनी मात्र हिशोब करा. शक्यता जास्त असलेल्या दिवशी एकदम सगळा माल बनवण्याऐवजी दोन टप्प्यांत बनवा, दुसरा टप्पा तीन वाजता आभाळ बघून.

सगळ्यात स्वस्त बंदोबस्त: घड्याळ

मघाशी म्हटलं ना, या पावसाची जागा सांगता येत नाही पण वेळ बरीचशी ठरलेली असते. मग वेळेचाच फायदा घ्या.

शिवारफेरी, बैलगाडी, पोहणं, खेळ हे सगळं सकाळी सात ते बारा. जेवण आणि विश्रांती छपराखाली बारा ते तीन. तीन ते सात या वेळेत पक्क्या इमारतीत होणारा कार्यक्रम: मातीकाम, वारली चित्रं, मोदक शिकवणं, गोष्टी. पाऊस नाही आला तर हाच कार्यक्रम अंगणात घ्या. असं वेळापत्रक केलं की तयारीचा खर्च जवळपास शून्य होतो. तसंही मेच्या उन्हात दुपारी कुणाला शेतात फिरायचं असतं?

कधी काय बघायचं?

- आठ-दहा दिवस आधी: फक्त कल बघा. आठवडा कोरडा की वळवाचा, एवढंच. एका दिवसाचा निर्णय यावर घेऊ नका.
- तीन-चार दिवस आधी: हवामान विभागाचे जिल्हावार इशारे. मांडववाल्याला "कदाचित लागेल" असा फोन इथे करायचा आणि शुक्रवारी रात्रीपर्यंत नक्की सांगण्याची मुदत मागून घ्यायची.
- आदल्या संध्याकाळी: "मौसम" ॲप आणि ताजं बुलेटिन. टक्के आणि उंबरठा समोरासमोर ठेवून निर्णय. एकदा घेतला की बदलायचा नाही.
- त्या दिवशी सकाळी: हवा बघा. सकाळीच घामाने चिकचिक, दमट उकाडा आणि अकराच्या आत ढगांचे पुंजके दिसायला लागले तर दुपार जड जाणार.
- दुपारी एकनंतर: आता रडार आणि नाऊकास्ट. नाऊकास्ट म्हणजे पुढच्या तीन तासांचा इशारा. मुंबई, नागपूर, गोवा इथल्या डॉपलर रडारची चित्रं हवामान विभागाच्या साइटवर बघता येतात. लागोपाठ दोन-तीन चित्रं बघा, ढग तुमच्याकडे सरकतोय की लांब जातोय ते कळतं.

एक छोटी गोष्ट. हवामान विभाग पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतो. पेपरात "काल २० मिलिमीटर" वाचलं तर तो पाऊस बहुतेक काल दुपार-संध्याकाळचा आहे, हे लक्षात ठेवा.

आणि २० मेनंतर जास्त सावध. मुंबईत मान्सून पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. २०२५ मध्ये तो २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. तेव्हा सुट्टीतलं शेवटच्या आठवड्याचं बुकिंग "मे आहे, कोरडंच असणार" असं धरून घेऊ नका. मान्सूनचा पाऊस दुपारची वाट बघत नाही, त्याला वरचं वेळापत्रक लागू पडत नाही.

इथे हिशोब करायचा नाही

उंबरठ्याचं गणित पैशासाठी आहे, माणसांच्या जिवासाठी नाही.

१३ मे २०२४ रोजी मुंबईत धुळीचं वादळ आलं आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर अवाढव्य होर्डिंग कोसळलं. १७ जणांचा जीव गेला. ते वादळ याच मान्सूनपूर्व हंगामातलं होतं. तुमचा मांडव, कमान, बॅनर छोटं असेल, पण त्याखाली माणसं असतात. दोर, खांब, वजन रोज तपासा. वारा सुटला की आधी माणसं बाहेर, मग सामान.

विजेचंही तसंच. वीज चमकल्यापासून आवाज यायला ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, म्हणजे वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. सगळ्यांना पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत न्यायचं. झाडाखाली नाही, मांडवात नाही, उघड्या शेडमध्येही नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं थांबायचं आणि मगच बाहेर. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं "दामिनी" ॲप तुमच्या आसपास २० ते ४० किलोमीटरमध्ये वीज पडत असेल तर सूचना देतं. पाहुणे येणाऱ्या प्रत्येक ठिकाणी निदान एका माणसाच्या फोनवर ते हवंच.

गिऱ्हाईकाला आधी सांगा

पाऊस आल्यावरची भांडणं बहुतेक वेळा पावसावरून नसतात, आधी न सांगितल्यावरून असतात. बुकिंग घेतानाच अट लिहून द्या आणि आदल्या संध्याकाळी असा मेसेज पाठवा:

"नमस्कार. उद्या दुपारनंतर वळवाच्या सरीची शक्यता आहे. म्हणून शिवारफेरी सकाळी ८ वाजता घेत आहोत, कृपया ७.४५ पर्यंत पोहोचा. जेवणाची सोय छपराखाली आहे. विजा चमकत असतील तर मैदानातले खेळ बंद राहतील, त्याऐवजी घरात कार्यक्रम होईल. मुलांसाठी एक जादा कपड्यांचा जोड आणा."

बघा, यात कुठेही "पाऊस पडणार" किंवा "पडणार नाही" असं वचन दिलेलं नाही. आपण काय करणार आहोत एवढंच सांगितलंय. नाही आला पाऊस तर पाहुणे खूश, आला तरी कुणी म्हणणार नाही की फसवलं.

आजचा गृहपाठ

एक साधी वही घ्या, पाच रकाने आखा: तारीख, आदल्या संध्याकाळचा अंदाज, तुमचा निर्णय, तीन ते आठमध्ये पाऊस आला का, आणि किती पैसे वाचले किंवा गेले. पूर्ण सुट्टीभर रोज एक ओळ.

हंगाम संपल्यावर ३०-४० टक्के सांगितलेले सगळे दिवस मोजा. त्यातल्या साधारण एक तृतीयांश दिवशी तुमच्याकडे पाऊस आला असेल तर तो अंदाज तुमच्या गावासाठी भरवशाचा. फारच कमी वेळा आला असेल तर पुढच्या वर्षी त्या आकड्याला थोडं कमी वजन द्या. एका हंगामाचे दिवस थोडे असतात, म्हणून वही फेकू नका, दुसऱ्या वर्षीही त्यातच लिहा. तुमच्या गावाचा इतका बारीक हिशोब कुठलंही ॲप देणार नाही.

आजच बसा, तुमचे दोन आकडे काढा आणि उंबरठा किती आला ते मला व्हिडिओखाली लिहून कळवा. धंदा कोणता, गाव कोणतं, तेही लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातली तीन-चार उदाहरणं घेऊन पूर्ण हिशोब सोडवू.

भेटूया. तोपर्यंत ताडपत्री कुठे ठेवली आहे ते बघून ठेवा!